दोघेही गप्प बसा!

आमच्या सासूबाईंनी त्या दिवशी सफरचंदे घेतली नसती, तर हा लेख लिहिण्याची पाळी माझ्यावर आली नसती.

२०२५ सालचा मे महिना. बालवाडीला सुट्टी लागलेली. दुपारी बाराच्या उन्हात मी खिडकीत उभी होते. खाली हातगाडीवाला सफरचंदावर चिकटवलेले गोल कागद नखाने खरवडत होता आणि सासूबाई पिशवी उघडून त्याच्यासमोर उभ्या होत्या. दोघांचेही चेहरे असे निष्पाप, की मला हसू आले. वर आल्यावर मी विचारले, "आत्या, कुठली सफरचंदं?"

"काश्मीरची म्हणाला."

थोड्या वेळाने आमचे हे कामावरून आले. हे वाशीच्या फळबाजारात माथाडी आहेत. कोपरखैरण्याला सिडकोने माथाडी कामगारांसाठी जी घरे बांधली, त्यांतल्याच एकात आम्ही राहतो. पहाटे तीनला घराबाहेर पडायचे, टोळीबरोबर गाड्या खाली करायच्या आणि ऊन चढल्यावर घरी यायचे, असा यांचा पंचवीस वर्षांचा नेम. यांनी ताटलीतले एक सफरचंद उचलले, उलटसुलट करून देठाकडे पाहिले आणि पुन्हा खाली ठेवले.

"तुर्कीचं आहे," हे म्हणाले. "इतकी वर्षं पेट्या उचलतोय मी. मला नका सांगू काश्मीर."

"अरे, साल काढल्यावर कुठला तुर्की अन् कुठला काश्मिरी!" सासूबाई म्हणाल्या. त्यांचे बोलणे असे नेहमी विळीवर चिरल्यासारखे असते. पण हे हसले नाहीत. हात धुऊन आले आणि आमटी-भात जेवले. सफरचंदाला यांनी शिवले नाही.

त्या दिवसांत काय चालले होते, ते वाचकांना आठवत असेलच. २२ एप्रिलला पहलगामला सव्वीस माणसे मारली गेली. ७ मेला 'ऑपरेशन सिंदूर' सुरू झाले. तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली आणि पाकिस्तानने सोडलेली ड्रोन विमानेही तुर्की बनावटीची निघाली. २०२३ च्या फेब्रुवारीत त्याच तुर्कस्तानात भूकंप झाला, तेव्हा आपण 'ऑपरेशन दोस्त' म्हणून डॉक्टर आणि बचावाची पथके पाठवली होती. आमच्या बालवाडीतल्या पोरांनी पडक्या घरांची चित्रे काढली होती तेव्हा. त्यामुळे लोकांच्या मनाला ही गोष्ट फार लागली. पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंद घ्यायचे नाही असे ठरवले. आपल्याकडच्या बाजारातही तेच वारे वाहू लागले. विमानतळांवर सामानसुमान हाताळणाऱ्या 'चेलेबी' या कंपनीची सुरक्षा-परवानगी सरकारने १५ मेला काढून घेतली. कंपनी म्हणत होती की आम्ही येथलेच, आमचे नोकर भारतीय, आम्हांला राजकारणाशी कर्तव्य नाही. ती दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेली, पण जुलैत तिचा अर्ज फेटाळला गेला.

व्यापाऱ्यांच्या निर्णयाचा मला अभिमान वाटला, हे मी मोकळेपणाने सांगते. व्यापारी माणूस नफ्यावर पाणी सोडतो ही काही लहान गोष्ट नव्हे. हमालाचीही मजुरी पेटीवर असते. पेटी आली नाही तर मजुरी नाही. तरी यांच्या टोळीत एकानेही कुरकुर केली नाही.

रात्री मी हे सारे मोठ्या कौतुकाने थोरल्याला सांगत होते. थोरला म्हणजे आमचा मुलगा. संगणकाचे शिकला आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका लहानशा कंपनीत लागला. परदेशातल्या कंपन्यांची कामे येथे बसून करायची, असा त्या कंपनीचा धंदा. त्याने सगळे ऐकून घेतले. मग ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाला, "आई, त्या वेळी मला तू सही करू दिली नाहीस."

एवढेच म्हणाला. आवाजही चढवला नाही. मी उठून विनाकारण पाणी आणायला गेले.

ती सहीची हकीगत सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. पण ती सांगायला जीभ जरा अडते. तेव्हा आधी कापसाकडे वळते. वाचकांनी रागावू नये. लेखक माणसाची ही जुनी खोड आहे.

मी मॅट्रिक आहे, म्हणजे दहावी झालेली. पुढे शिकता आले नाही, पण वाचनाचे वेड सुटले नाही. दोन कादंबऱ्या लिहून झाल्या आहेत. तिसरी मुंबईच्या कापसाच्या तेजीवर लिहायची म्हणून काही वर्षे वाचनालयातून जाडजूड पुस्तके आणते आहे. ती कादंबरी अजून पुरी झालेली नाही. का होत नाही, हे मला त्या रात्री पाणी आणताना कळले.

१८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली. दक्षिणेकडची राज्ये गुलामांच्या घामावर कापूस पिकवीत. उत्तरेच्या आरमाराने त्यांची बंदरे अडवली आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. मग साऱ्यांच्या नजरा मुंबईकडे वळल्या. आपला कापूस आखूड धाग्याचा. एरवी तिकडचे कामगार त्याला नाके मुरडीत. पण गरजेला सर्व चालते. भाव असे चढले की लोकांनी घरातल्या गाद्या उसवून आतला कापूस विकला, असे सांगतात. चार वर्षांत मुंबईत सात कोटी पौंडांच्या आसपास जादा पैसा आला. बॅका, कंपन्या, समुद्र बुजवण्याच्या योजना, सगळ्यांना ऊत आला. बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांपर्यंत गेला म्हणतात. प्रेमचंद रायचंद हा त्या तेजीचा राजा. फोर्टातला राजाबाई टॉवर त्याच्याच देणगीतून उभा राहिला, त्याच्या आईच्या नावाने.

आता गंमत पाहा. या चार वर्षांत मुंबईचा व्यापारी कोणत्या पक्षाचा होता? गुलामगिरीचा? छे! गुलामगिरीच्या विरुद्ध? तेही नाही. तो तटस्थ होता. फक्त लढाई लवकर संपू नये, एवढीच त्याची देवाकडे मागणी. १८६५ च्या एप्रिलमध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. ती बातमी मुंबईला पोचली आणि कापसाचे भाव कोसळू लागले. जगात चाळीस लाख माणसे गुलामीतून सुटत होती आणि मुंबईत लोक कपाळाला हात लावून बसले होते! १ जुलै १८६५ ला वायद्यांची मुदत भरली आणि पेढ्यामागून पेढ्या बुडाल्या. प्रेमचंदही बुडाला.

माझ्या कादंबरीतला नायक याच बाजारातला एक मराठी कारकून आहे. चांगला, पापभीरू माणूस. त्याच्या तोंडी काय घालावे, ते मला सुचत नव्हते. कारण त्याच वेळी लँकेशायरमध्ये जे घडत होते, तेही मी वाचले होते. तेथे कापसावाचून गिरण्या बंद होत्या आणि कामगारांच्या चुली विझल्या होत्या. दक्षिणेची नाकेबंदी इंग्लंडने आरमाराच्या जोरावर मोडली असती, तर त्यांना काम मिळाले असते. आणि तरी १८६२ च्या ३१ डिसेंबरला मँचेस्टरच्या लोकांनी सभा भरवून अध्यक्ष लिंकनला पत्र धाडले, की आम्ही गुलामगिरी नष्ट करणाऱ्यांच्या बाजूचे आहोत. लिंकनने त्यांना उत्तरही पाठवले. मँचेस्टरला आज त्याचा पुतळा आहे. आणि आपल्याकडे? आपल्याकडे पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतल्या त्या भल्या लोकांना अर्पण केली, ज्यांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली. जोतीराव स्वतः कंत्राटदारीचा धंदा करीत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. व्यवहार त्यांनाही कळत होता.

गादी उसवणारा आणि चूल विझलेली असताना पत्र लिहिणारा, अशी दोन माणसे माझ्यासमोर उभी होती. मला कारकुनाला दुसऱ्याच्या जवळ न्यायचे होते. पण लिहायला बसले की तो पहिल्याकडेच जाई. ते का, हे आता सांगते.

२०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर स्वारी केली. थोरला तेव्हा नुकताच नोकरीला लागला होता. त्यांच्या कंपनीचे एक गिऱ्हाईक रशियातले होते. पंधरा-वीस दिवसांत वरून फर्मान आले, की हे काम आम्ही तत्त्वासाठी सोडत आहोत. पोरे खूश झाली. आपली कंपनी लहान असली तरी मोठ्यांच्या पंक्तीला बसली, असे त्यांना वाटले. आणि ते खोटेही नव्हते, कारण मोठ्या कंपन्या तेव्हा तेच करीत होत्या. मायक्रोसॉफ्टने रशियातली नवी विक्री थांबवली. एप्रिलमध्ये इन्फोसिसने तेथले काम दुसरीकडे हलवीत असल्याचे सांगितले. टाटा स्टीलने रशियाशी व्यवहार बंद करण्याचे जाहीर केले. पुढे महिन्याभरात टाटांकडे रशियाचा कोळसा आल्याची बातमी वृत्तपत्रांत आली. हा सौदा घोषणेच्या आधीचा होता, असा कंपनीने खुलासा केला. खुलासा खराही असेल. धंदा म्हणजे काही बालवाडीतली पाटी नव्हे, की ओल्या फडक्याने एका क्षणात पुसून टाकली.

मग २०२३ च्या ऑक्टोबरात हमासने इस्राएलमध्ये हत्याकांड केले आणि पाठोपाठ गाझात युद्ध पेटले. पुढच्या वर्षी थोरल्याच्या कचेरीत मुलांच्या ध्यानात आले की आपल्या एका गिऱ्हाइकाची यंत्रे त्या युद्धात वापरली जात आहेत. मुलांनी एक पत्र तयार केले. थोरल्याने मला त्याचा अर्थ सांगितला होता. त्यात मागणी काहीच नव्हती, एकच प्रश्न होता: दोन वर्षांपूर्वी आपण एक काम तत्त्वासाठी सोडले, ते तत्त्व नेमके कोणते होते, ते आम्हांला लेखी सांगावे. अकरा मुलांनी सह्या केल्या. थोरला बारावा.

रात्री तो विचारायला आला. म्हणजे परवानगी मागायला नव्हे, पण आईला सांगून करावे म्हणून. मी काय म्हटले, ते अक्षरशः आठवते. "अरे, घराचं कर्ज आहे. धाकटीचं शिक्षण व्हायचंय. आपण कशाला या भानगडीत पडायचं? दोन्हीकडची माणसं परकी. आपण आपलं तटस्थ राहावं."

त्याने सही केली नाही. अकरा जणांना उत्तर मिळाले, की कंपनी जगातल्या भांडणांत तटस्थ असते आणि राजकारण कचेरीच्या दाराबाहेर ठेवावे. पत्र ज्याने लिहिले होते, तो थोरल्याचा मित्र, घणसोलीचा मुलगा. त्याच्या नोकरीचा करार वर्षअखेरीस पुढे चालू झाला नाही. पत्रामुळेच, असे कोणी म्हणाले नाही. मीही म्हणत नाही. पण थोरला त्यानंतर कचेरीतल्या गोष्टी घरी सांगेनासा झाला.

माझा शब्द आणि त्या कंपनीचा शब्द एकच होता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

आता तटस्थता म्हणजे वाईटच, असे मला म्हणायचे नाही. सोलापूरचे डॉक्टर कोटणीस १९३८ साली चीनला गेले, ते जखमी माणसावर उपचार करायला. जखमेला पक्ष नसतो. पण पक्षपात न करता सर्वांची सेवा करणे निराळे आणि दोघांनाही माल विकणे निराळे. शिवाय बालवाडीत वीस वर्षे काढल्यावर मला एक गोष्ट कळली आहे. दोन पोरे एका लाकडी घोड्यावरून भांडत असतात. एक रडत असते, दुसऱ्याच्या हातात घोडा असतो. बाईंचे डोके दुखत असते. बाई ओरडतात, "दोघेही गप्प बसा!" पोरे गप्प बसतात. बाईंना वाटते, मी कोणाचीच बाजू घेतली नाही. पण घोडा कोणाच्या हातात राहिला?

ही युक्ती मी शेकडो वेळा केली आहे. रडणारे पोर त्या वेळी बाईंकडे ज्या नजरेने पाहते, ती नजर मला त्या रात्री थोरल्याच्या डोळ्यांत दिसली.

पुढे काही दिवस हाच विषय घरात घुमत राहिला. एका रविवारी यांनीच तो काढला. "आम्ही सफरचंद सोडलं," हे म्हणाले, "पण रशियाचं तेल म्हणून पंपावरून पेट्रोल न घेता परत आलेला मी अजून कुणी पाहिला नाही." हे काही शिकलेले नाहीत, पण बाजारात राहून यांना जगाचा हिशेब कळतो. युक्रेनच्या लढाईआधी आपल्या देशात येणाऱ्या तेलात रशियाचा वाटा शेकडा दोनच्या आसपास असे. लढाईनंतर तो तिसऱ्या हिश्श्यापर्यंत गेला. स्वस्त मिळाले, आपण घेतले. गरीब देशाने स्वस्त तेल का घेऊ नये, हाही खरा प्रश्न आहे आणि त्याचे सोपे उत्तर माझ्याजवळ नाही. आमच्या शेजारीच घणसोलीला रिलायन्सचे केवढे मोठे आवार आहे. त्या कंपनीने निर्यातीचा माल करणाऱ्या आपल्या जामनगरच्या कारखान्यात २० नोव्हेंबर २०२५ पासून रशियाचे तेल घेणे थांबवले. कारण? ऑक्टोबरात अमेरिकेने रशियाच्या दोन बड्या तेल कंपन्यांवर निर्बंध घातले होते आणि रशियाच्या तेलापासून केलेला माल युरोप जानेवारीपासून घेणार नव्हता. म्हणजे सुरुवात केली तीही भावामुळे आणि थांबवले तेही बाजारामुळे. यात कोणी कोणाला फसवले नाही. पण याला तत्त्व म्हणायचे असेल, तर आमच्या हातगाडीवाल्यालाही तत्त्वनिष्ठ म्हणावे लागेल. तो बिचारा निदान कागद तरी नखाने काढत होता.

थोरल्याने त्यात भर घातली. "आणि बाबा, नायराचं ऐकलंत का?" नायराचे पंप आपल्याकडे रस्तोरस्ती आहेत. या कंपनीत जवळजवळ निम्मा हिस्सा रशियाच्या रोसनेफ्टचा. २०२५ च्या जुलैत युरोपने तिच्यावर निर्बंध घातले आणि चारदोन दिवसांत मायक्रोसॉफ्टने तिची संगणकसेवा बंद केली. पैसे भरलेले, करार झालेला, तरी स्वतःचीच पत्रे स्वतःला दिसेनात! कंपनी दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेली आणि सेवा पुन्हा सुरू झाली. त्याच मायक्रोसॉफ्टने सप्टेंबरात इस्राएलच्या संरक्षण खात्यातल्या एका विभागाची काही सेवा बंद केली, कारण तिच्यावर लोकांच्या पाळतीची माहिती साठवली जात असल्याचे वृत्तपत्रांनी उघड केले होते. आणि तिच्याच नोकरांनी त्याआधी कित्येक महिने आरडाओरडा केला होता.

"नोकरांनी?" मी विचारले.

"हो. काहींना काढूनही टाकलं." थोरला माझ्याकडे न पाहता म्हणाला.

यावर सासूबाई म्हणाल्या, "मोठ्यांचं मोठं असतंय. लहान दुकानदारानं काय करावं?" प्रश्न बरोबर होता. मला केरळातली एक गोष्ट ठाऊक होती, ती मी सांगितली. कण्णूरला 'मरियन अ‍ॅपरल' नावाचा कपड्यांचा कारखाना आहे. दीड हजारांवर कामगार, बहुतेक बायका. तेथे इस्राएलच्या पोलिसांचे शर्ट शिवले जात. २०२३ च्या ऑक्टोबरात गाझातल्या इस्पितळातले बळी पाहून मालकाने सांगितले, की हातातले काम पुरे करू, पण लढाई थांबेपर्यंत नवे घेणार नाही. दिलेला शब्द पाळला आणि पुढचा दिला नाही. मला हे आवडले. यात आरडाओरडा नाही आणि पाने पुसणेही नाही. पण तेथे शिवणकाम करणाऱ्या एखाद्या बाईला त्या रात्री काय वाटले असेल, हे मला कोठे वाचायला मिळाले नाही. तिच्याही घरी कर्ज असेलच की.

सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे मालकानं ठरवलं. तुझ्या पोरानं ठरवलं असतं, तर तू नाही म्हणालीस."

आमच्या घरात मॅट्रिक झालेली मी एकटी, पण वर्मावर बोट ठेवायला शिक्षण लागत नाही.

हे सगळे होऊन आता बरेच दिवस झाले. थोरला त्याच नोकरीवर आहे. घराचे हप्ते चालू आहेत. तो घणसोलीचा मुलगा सहासात महिने घरी बसला, मग त्याला दुसरीकडे काम लागले, पण पगार पूर्वीपेक्षा कमी. दोघांची दोस्ती तुटली नाही. मात्र तो आमच्याकडे येईनासा झाला. पूर्वी दिवाळीत तो हक्काने येऊन चकल्यांचा डबा रिकामा करीत असे. माझ्या कारकुनाने मात्र परवा अचानक एक काम केले. बाजारातून परत येताना तो गादी विकायला काढणाऱ्या शेजाऱ्याच्या दारात थांबला. तेथे तो काय म्हणाला, ते अजून मला कळलेले नाही, पण थांबला तरी.

यंदा वसुबारसेच्या आधीच मी चकल्या करायला घेतल्या. भाजणी चांगली जमली. पहिला घाणा निघाल्यावर एक डबा वेगळा भरला आणि थोरल्याला म्हटले, "हा तुझ्या मित्राकडे पोचता कर. घणसोली काही लांब नाही."

त्याने डबा हातात घेतला, झाकण उघडून पाहिले, पुन्हा लावले आणि ओट्यावर ठेवला.

"मी नाही नेणार," तो म्हणाला. "मी त्याला रविवारी जेवायला बोलावलंय. तूच दे त्याच्या हातात."

आज गुरुवार आहे.